गप्प बसलेल्या बोटी

१

मर्व्ह टिंडेलने समुद्रातून ओढून आणलेला पिंजरा रिकामा होता. आमिष खाल्लेलं होतं, म्हणजे लॉबस्टरच्या जातीची शेवंड आत शिरली होती. कुणीतरी दार उघडून ती काढून घेतली होती आणि जाताना दार पुन्हा नीट लावलं होतं.

मर्व्ह काही बोलला नाही. तो बोलतच नसे. तो पिंजरा तसाच उचलून मच्छीमार सोसायटीच्या दारात गेला, तिथे उभ्या असलेल्या टॅमसिन बरिलच्या पायाशी ठेवला आणि मागे न बघता निघून गेला.

हेस्टर क्वेल बर्फाच्या कोठीशी मासळी घ्यायला उभी होती. धक्क्यावरच्या माणसांच्या माना आधी पिंजऱ्याकडे वळल्या, मग टॅमसिनकडे, आणि मग सगळे आपापल्या दोऱ्या गुंडाळायला लागले. ते दोऱ्या गुंडाळणं हेस्टर लहानपणापासून ओळखून होती. केल्प पॉइंटला एखाद्याला वाळीत टाकायचं तर कुणी शिवी देत नाही. त्याच्याकडे पाठ करून दोरी गुंडाळतात.

दुसऱ्याचा पिंजरा उचलणं हे या बंदरातलं सगळ्यात मोठं पाप. दारू माफ होते, मारामारी माफ होते, बायको सोडून पळालेलाही चार वर्षांनी धक्क्यावर पुन्हा उभा राहू शकतो. पण पिंजरा उचलणारा नाही.

त्या संध्याकाळी टॅमसिन हेस्टरच्या घरी आली. तिशीतली पोरगी, पण पायऱ्या चढली ती म्हातारीसारखी.

"आंटी, मी नाही केलं."

"ते मी विचारलंच नाही. बस. स्कोन गरम आहेत."

"शुक्रवारी सभा आहे. डबे बोटींवरून उतरवायचे आणि मला पोलिसात द्यायचं, असं ठरलंय म्हणे."

डबे म्हणजे टॅमसिनने बनवलेले छोटे रेडिओ. बोट चालवणाऱ्या तांडेलाने पिंजरे टाकले की कळ दाबायची. बोट कुठे आहे ते सोसायटीच्या कचेरीत कळतं, पण कुलूपबंद होऊन, गूढ लिपीत. वाटेत कुणी ऐकलं तरी नुसता कचरा.

ते कुलूप नसतं तर एकाही तांडेलाने डबा घेतला नसता. इथे शेवंडीची जागा बाप मुलाला मरताना सांगतो. मर्व्हचा मुलगा नील असाच आपली जागा कुणाला न सांगता गेला आणि परत आला नाही. कुठे शोधायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. वसंतात टॅमसिनचं त्याच्याशी लग्न व्हायचं होतं. पुढची कितीतरी वर्षं तिने त्या डब्यात घातली.

"कुणाकुणाचे पिंजरे गेले?" हेस्टरने विचारलं.

"मर्व्हचे. हालंड बंधूंचे. आणि पर्टनच्या विधवेचे. बरोबर जागेवर जाऊन उचललेत. कधी न सांगितलेल्या जागा, आंटी! डब्याशिवाय कळणारच नाहीत."

"आणि तुझ्या बाबांचे?"

टॅमसिनने स्कोन तोडला आणि बशीतच ठेवला.

"बाबांच्या पिंजऱ्याला कुणी हात लावलेला नाही. एकदाही नाही. आणि का, ते मलाही कळत नाही."

२

हेस्टरने उभा जन्म कॅनबेरात असलीच कुलपं लिहिण्यात घालवला होता. कुणासाठी, ते ती सांगत नसे. "कुलपं लिहिते" एवढंच सांगायची, आणि लोक समजायचे बाई जरा विसराळू झाली आहे. निवृत्त होऊन ती बापाच्या घरात परतली तेव्हा पहिला पाहुणचार टॅमसिनने केला होता, शाळेच्या दप्तरातून गणिताची वही काढून.

आता त्याच टेबलावर टॅमसिनने आपला कोड उघडला. दिवसभर दोघी वाचत होत्या. मध्ये फक्त चहा.

"इथे तांडेलाचा मजकूर येतो," टॅमसिन म्हणाली. "जागा आधी, मग त्याला काही लिहायचं असेल तर शेरा. इथे त्याला कुलूप लागतं. इथे तो पाकिटात जातो. रेडिओ एकाच मापाचं पाकीट पाठवतो, मजकूर लहान असो की मोठा."

"मजकूर लहान असला तर उरलेल्या पाकिटात काय?"

"काही नाही. कोरं. कारण त्याच्या आधी ही ओळ आहे बघा. कुलूप लावून झालं की उघडा मजकूर ज्या जागी लिहिला होता, ती यंत्राच्या आठवणीतली जागा पुसून टाकायची. तीच जागा मग पाकिटाला मिळते. तुम्हीच शिकवलंत ना, काम झालं की फळा पुसायचा."

हेस्टर हसली. ते तिचं शिकवणं नव्हतं, तिच्या आईचं होतं. आई गावच्या शाळेत साफसफाई करायची. उन्हाळ्याची लांब सुट्टी लागायच्या दिवशीसुद्धा, पोरं ओरडत समुद्राकडे पळाली, मास्तर गेले, तरी आई ओलं फडकं घेऊन सगळे फळे पुसायची. लहानगी हेस्टर दारात कंटाळून म्हणायची, "कोण बघणार आहे, आई?" आई म्हणायची, "म्हणूनच तर."

"चाचणी घेतलीस?"

"शंभरदा. माझ्या टेबलावरचा डबा घेऊन. पाकिटाची शेपूट नेहमी कोरी."

हेस्टरने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं. शेवटी तिने चष्मा काढला.

"पोरी, कुलूप चोख आहे. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं."

टॅमसिनचा चेहरा उजळायला हवा होता. तो पांढरा पडला.

"मग मी बुडाले, आंटी. कुलूप चोख असेल, तर किल्लीवाल्यानेच उघडलं. आणि किल्ल्या दोनच. एक लॉर्नाकडे कचेरीत आणि एक माझ्याकडे."

३

लॉर्ना पाइक सोसायटीच्या कचेरीत तीस वर्षं होती. हेस्टर आत आली तेव्हा ती टाचा स्टुलावर ठेवून बिस्कीट चहात बुडवत होती.

"ये. तू हेरगिरी करायला आलीस, बोंबिलासारखा चेहरा कशाला करतेस? विचार सरळ."

"जागा तू कुणाला सांगितल्यास?"

"मी? अगं, माझ्या नवऱ्याला मी माझं वय सांगितलेलं नाही अजून." मग तिने पाय खाली घेतले. "हेस्टर, नील टिंडेल हरवला तेव्हा रेडिओवर मी बसले होते. रात्रंदिवस. त्याच्या नावाने हाका मारून मारून माझा घसा गेला. मी त्या जागा विकेन?"

हेस्टरने मान हलवली. ते नव्हतंच.

"हे सुरू कधी झालं?"

"ईस्टरनंतर. आठवतंय, कारण तोवर माझ्यामागे बॅटरीची कटकट होती. डबा बॅटरी खातो, डबा बॅटरी खातो, रोज एक तांडेल येऊन ओरडायचा. ईस्टरला बोटी वर काढल्या, गार्थने सगळे डबे नेऊन परत आणले, आणि बॅटरीची कटकट बंद. म्हटलं, सुटले. तर ही सुरू."

"गार्थने डब्यांना काय केलं?"

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार. मला ते मेलं सुरू-बंदच्या पलीकडे काही कळत नाही."

गार्थ ऑलरेनशॉ हा डबे बनवणाऱ्या दोन माणसांच्या कारखान्याचा मालक. दुसरं माणूस टॅमसिन. कारखाना म्हणजे मोटारगॅरेजच्या मागची खोली. तो हेस्टरला बघून उठला, खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"टॅमसिनवर माझा विश्वास आहे," तो न विचारताच म्हणाला.

"मग शुक्रवारी सांगशील तसं?"

"हेस्टर, मला दोन मुलं आहेत. कारखाना गेला तर..." तो थांबला. "माझ्यावर आलं तर मी काय करू?"

"ईस्टरला डब्यांना काय केलंस?"

"काही नाही. बॅटरीचं बघितलं."

"कोड बदललास?"

"एक अक्षर नाही!" तो एकदम जोरात बोलला, आणि तो खरं बोलतोय हे हेस्टरला दिसलं. "टॅमसिनची एक ओळसुद्धा मी हलवली नाही. शपथ."

माणूस खरं बोलतोय आणि तरी घामाघूम आहे. हेस्टर परतताना त्याचाच विचार करत होती.

४

वाटेत क्लाइव्ह नॅनकर्व्हिसचं घर लागत होतं. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत क्लाइव्ह, शेजारी रेडिओ, जुना संगणक, आणि छपरावर बंदरातली सगळ्यात उंच एरियल.

क्लाइव्ह तरुणपणी हेस्टरच्या बापाच्या बोटीवर खलाशी होता. लाल केसांचा, शीळ घालत पिंजरे फेकणारा क्लाइव्ह. हेस्टर तेव्हा सोळा वर्षांची होती आणि ती शीळ तिला टेकडीवरून ओळखू यायची. आता केस नव्हते, आणि पाठ गेल्यापासून समुद्रही सुटला होता. बोट जावई क्रेग चालवायचा.

"बस गं. काय म्हणतायत लोक?"

"दोऱ्या गुंडाळतायत."

"बिचारी पोर." क्लाइव्हने रेडिओचा आवाज कमी केला. "पण खरं सांगू? पूर्वी हे नव्हतं. डबेबिबे नव्हते. उघड्या रेडिओवर सगळे बोलायचे. तुझा बाप काय बोलायचा, आठवतं?"

हेस्टरला आठवत होतं. स्वयंपाकघरात आई रेडिओ लावून ठेवायची, आणि त्यातून बापाचा रडका आवाज यायचा. "काही नाही रे इथे, नुसतं शेवाळ. वाया गेला दिवस." आणि आई शेवंड उकडायचं मोठं पातेलं चुलीवर चढवायची. रेडिओवर सगळे खोटं बोलायचे आणि सगळ्यांना ते ठाऊक असायचं. बाप म्हणायचा, "बोलणाऱ्याचा माग काढू नका. जी बोट एकदम गप्प झाली, तिच्याकडे बघा. तिला सापडलंय. गप्प बसला तो पकडला गेला."

"आता कोण बोलतंय!" क्लाइव्ह म्हणाला. "आणि त्या मर्व्हचं तर विचारूच नकोस. तोंडात शब्द नाही, डब्यावर नाही. दोन अक्षरांचा शेरा टाकेल तर शपथ. कोरा तो कोराच."

"तसाच आहे तो पहिल्यापासून," हेस्टर म्हणाली आणि उठली.

टेकडी अर्धी चढली असेल नसेल, आणि ती रस्त्यातच उभी राहिली. वारा दक्षिणेकडून येत होता, थंडगार, कोट फडफडत होता. पण ती उभीच. गप्प बसला तो पकडला गेला.

घरी जाऊन कोट न काढताच तिने लॉर्नाला फोन लावला.

"लॉर्ना, डब्यावरून शेरे कोण लिहितं आणि कोण लिहीत नाही?"

"अगं, सगळे लिहितात. हवा, फुटबॉल, बायकोच्या तक्रारी. टॅमसिनचा बाप, डग बरिल, तर कादंबरी लिहितो. 'लॉर्ना, बायकोला सांग मटण ओव्हनमध्ये ठेव, टॅमसिन जेवायला आहे का विचार, आणि कालचा रेफरी आंधळा होता.' पाकिटात तिळाएवढी जागा उरत नाही, एवढं भरतो."

"आणि न लिहिणारे?"

लॉर्ना बोटांवर मोजत असावी. "मर्व्ह. ते दोघे हालंड, एकमेकांशीही बोलत नाहीत. आणि पर्टनबाई, नवरा गेल्यापासून..."

ती थांबली.

"अगं बाई," लॉर्ना हळूच म्हणाली. "हेस्टर, हे तर तेच, ज्यांचे पिंजरे गेले."

५

"किल्ली कुणीच चोरली नाही," हेस्टरने टॅमसिनला सांगितलं. "किल्लीवाला चोर बडबड्यांना का सोडेल? तुझ्या बाबांचा मजकूर पाकीट काठोकाठ भरतो. मर्व्हचा मजकूर लहान. त्याच्या पाकिटाला शेपूट उरते. गडबड शेपटीत आहे."

"पण शेपूट कोरी असते, आंटी! मी स्वतः बघितली आहे."

"तुझ्या टेबलावर. बोटीवरच्या डब्याची बघितलीस?"

टॅमसिन उठली. मर्व्हच्या बोटीवरचा डबा मागायची सोय नव्हती, पण कारखान्याच्या कपाटात बोटीसाठी तयार केलेला एक शिल्लक डबा होता. तिने तो आणला, कळ दाबली, शेरा लिहिला नाही. समोरच्या रेडिओने पाकीट पकडून पडद्यावर मांडलं.

आधी कुलूपबंद कचरा. आणि त्याच्या शेपटीत, उघड्या, स्वच्छ आकड्यांत, अक्षांश आणि रेखांश. हेस्टरच्या स्वयंपाकघराचे.

टॅमसिनने आकडे दोनदा वाचले.

"पुसायची ओळ आहे," टॅमसिन पुटपुटली. "मी लिहिली आहे. तुम्ही वाचलीत."

"आपण वाचली ती माणसाची भाषा. यंत्र ती वाचत नाही. मधे कंपायलर आहे, तुझ्या ओळी यंत्राच्या बोलीत उतरवणारा. आता त्याने काय उतरवलं ते वाचू."

यंत्राची बोली वाचणं म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं. दोघी खुर्च्या जवळ घेऊन बसल्या. टॅमसिन बोट फिरवत होती, हेस्टर ओठांत बोलत होती. मजकूर घेतला. कुलूप लावलं. पाकीट घेतलं.

"पुन्हा," हेस्टर म्हणाली.

मजकूर. कुलूप. पाकीट.

"पुसलंच नाही," टॅमसिनचा आवाज फुटला. "ओळच नाही इथे! कुणी काढली?"

"कंपायलरने. तो काटकसरी आहे. त्याला काटकसर करायला सांगितलं, की तो बघतो, कुठलं काम फुकट चाललंय. तू जागा पुसलीस आणि त्यानंतर ती कुणी वाचणार नाही असं त्याला दिसलं. कुणी बघणारच नसेल तर पुसायची कशाला? त्याने ते काम वगळलं. नियमाने त्याचं चुकलं नाही. आणि तुझ्या टेबलावरच्या डब्याला काटकसर लावलेलीच नाही, तो सांगितलेलं सगळं करतो. म्हणून तिथे फळा रोज कोरा."

"पण बोटीवरच्या डब्यांना काटकसर लावली कुणी?"

गार्थला बोलवावं लागलं नाही. तो स्वतःच दारात उभा होता, हातात टोपी. त्याला वाटेत लॉर्नाने गाठलं होतं.

"मी लावली," तो म्हणाला. "एकच खटका आहे. कोड कमी चालतो, बॅटरी वाचते. तांडेल डबे फेकून द्यायला निघाले होते, टॅमसिन. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा सगळ्या चाचण्या घेत बसली असतीस."

"हो," टॅमसिन म्हणाली. "बसले असते."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. गार्थला तेच जास्त लागलं असावं.

"पाकिटं तर उघड्यावर पडली," हेस्टर म्हणाली. "आता ती उचलली कुणी?" आणि बोलता बोलताच तिच्या डोळ्यांपुढे आलं. व्हरांडा, रेडिओ, उंच एरियल. दोन अक्षरांचा शेरा टाकेल तर शपथ.

डब्यावरचे शेरे लॉर्नाशिवाय कुणालाच दिसत नाहीत. मर्व्ह शेरा टाकत नाही, हे क्लाइव्हला कसं कळलं?

६

मर्व्हच्या घरी हेस्टर एकटी गेली. तो परसात पिंजरा विणत होता. तिने सगळं सांगितलं, सावकाश, एकदा. त्याचे हात चालूच होते.

"टॅमसिनने केलं नाही, मर्व्ह. नुसतं माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. उद्या तू बोट घेऊन व्हाइट सँड्सला जा. तिथे पिंजरे टाक आणि डब्याची कळ दाब. शेरा टाकू नकोस."

मर्व्हने मान वर केली. "वाळू आहे तिथे."

"हो. शेवंड पाण्याखालचं खडकाळ खडप सोडून वाळूवर येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच. तिथे येईल तो आकडे ऐकूनच येईल. डगही जाणार आहे, त्याच वाळूच्या दुसऱ्या टोकाला. तो नेहमीसारखी कादंबरी लिहील."

मर्व्हने गाठ मारली, ओढून बघितली.

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी, पहाटेच पिंजरे टाकून बोटी परत नेल्यावर, व्हाइट सँड्सच्या वरच्या कड्यावर तिघं बसली होती: हेस्टर, मर्व्ह आणि डग बरिल. मर्व्ह आणि डग यांच्यामध्ये हेस्टरने मुद्दाम थर्मास ठेवला होता. डगच्या तोंडाला कुलूप कसलं?

"माझी पोर तुझी सून व्हायची होती, मर्व्ह. तिच्या पायाशी पिंजरा टाकलास."

मर्व्ह समुद्राकडे बघत राहिला.

"बोल की मेल्या काहीतरी!"

"बोट," मर्व्ह म्हणाला.

भूशिराला वळसा घालून एक निळी बोट येत होती. वाळूवर या दिवसांत कुणाचंच काम नव्हतं. ती इकडेतिकडे न शोधता सरळ मर्व्हच्या पिंजऱ्यांवर तरंगणाऱ्या बोयांकडे आली. एका माणसाने आकडा टाकून दोरी धरली आणि पहिला पिंजरा वर घेतला. रिकामा. दुसरा घेतला. रिकामा. तो कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिला. एवढ्या वरूनही त्याचं गोंधळणं दिसत होतं.

दुसऱ्या टोकाला डगच्या पिंजऱ्यांचे बोये उन्हात डुलत होते. तिकडे ती बोट फिरकलीही नाही.

"क्रेग," डग म्हणाला. "क्लाइव्हचा जावई."

मर्व्ह उठला. त्याची सावली डगवर पडली. त्याने खाली वाकून थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि कप डगच्या हातात दिला.

७

क्लाइव्हने तिला फाटकातून येताना बघितलं आणि रेडिओ बंद केला. त्या व्हरांड्यातला रेडिओ बंद असलेला हेस्टरने पहिल्यांदाच बघितला.

"क्रेगचा फोन आला होता," तो म्हणाला. "वाळूवर पिंजरे. आज आकडे त्यानेच वाचले, मी वाचले असते तर ओळखलं असतं. तुझंच डोकं. तुझ्या बापाने असंच केलं असतं."

"कधीपासून ऐकतोयस?"

"एरियल नवी लावली तेव्हापासून. पडद्यावर नुसती घाण यायची. मग एक दिवस शेपटीला आकडे. हेस्टर, त्या पाण्यात मी जन्म काढलाय. एकेचाळीस अंश दिसले की मला खालचा खडक दिसतो." त्याने गुडघ्यावरची गोधडी सारखी केली. "मी काही फोडलं नाही, तोडलं नाही. ऐकलं. ऐकणं कधीपासून गुन्हा झाला? तुझा बाप नाही ऐकायचा?"

"ऐकायचा. आणि तुला मारलं होतं त्याने एकदा, दुसऱ्याच्या बोयाला नुसता हात लावलास म्हणून."

क्लाइव्ह हसला नाही.

"क्रेग रोज रिकामा यायचा. बोट माझी, नाव माझं, आणि तो रिकामा. इथे बसून ते बघवत नव्हतं."

"आणि टॅमसिन बघवली?"

त्याने नजर वळवली. खाली बंदरात कुणीतरी साखळी ओढत होतं.

"वाटलं, हुशार आहे, शहरात निघून जाईल. तिथे तिला बरंच मिळेल. तिचं काय एवढं जाणार होतं..."

"क्लाइव्ह, ऐकलंस त्याला मी काही म्हणणार नाही. ती बुडत असताना तू इथे बसून सगळं ऐकत होतास आणि गप्प राहिलास. पोलिसांना पिंजऱ्यांचं सांगशील. शुक्रवारी सभेत हेही सांगशील. मी सांगणार नाही. तूच सांगशील."

हेस्टर फाटकाबाहेर पडून टेकडीला लागली. सोळाव्या वर्षी क्लाइव्हची शीळ ऐकू यायची त्या वळणावर तिला उगीच वाटलं, मागून काहीतरी ऐकू येईल. काही आलं नाही.

शुक्रवारी क्लाइव्ह काठी टेकत सभेला आला आणि उभ्याउभ्या सांगितलं. गार्थनेही खटक्याचं सांगितलं, आवाज कापत होता पण सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. क्लाइव्ह बाहेर निघाला तेव्हा धक्क्यावरची माणसं पाठ करून दोऱ्या गुंडाळायला लागली. हेस्टरने मात्र जाऊन त्याला पायऱ्या उतरताना हात दिला. जुनी माणसं आता फारशी उरली नव्हती.

डब्यांचा निर्णय सभेने एक आठवडा पुढे ढकलला.

दुरुस्ती टॅमसिननेच केली. गार्थ खांद्यावरून बघत होता. "म्हणजे यंत्राला सांगायचं काय?"

"की ही जागा कुणीतरी बघतंय, पुसलीच पाहिजे. मग काटकसर कितीही लाव, कंपायलर ते वगळू शकत नाही."

"पण कुणी बघत नाहीये ना?"

"तुझं काय जातं?" हेस्टर म्हणाली. "सांगायचं, बघतंय म्हणून."

पुसण्यावर सगळी भिस्त ठेवली होती हीच आपली चूक, असं टॅमसिन स्वतःशीच म्हणाली, आणि तिने पाकिटाची शेपूटही कुलपाच्या आत घेतली. आता शब्द कमी असोत की जास्त, बाहेरून सगळी पाकिटं सारखीच. मग तिने चाचणी घेतली ती टेबलावरच्या डब्याची नाही. एकेका बोटीवर चढून, प्रत्येक डब्याची. यंत्राची बोली तिने शेवटपर्यंत वाचली आणि हेस्टरला वाचायला दिली. पुसायची ओळ होती.

मर्व्हच्या बोटीवर ती सगळ्यात शेवटी गेली. तो बाजूला उभा राहिला. ती काम करून उतरली. दोघांत एक शब्द झाला नाही.

आठवडा संपायच्या आत लॉर्नाचा फोन आला. "दोघी या. आत्ता. चहा मी टाकते."

कचेरीत रेडिओजवळचा पडदा तिने त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. बाहेरून आलेलं पाकीट एका बाजूला होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत अगम्य. शेपटीत काही नाही. दुसऱ्या बाजूला किल्लीने उघडलेला मजकूर. मर्व्हच्या डब्यावरून. जागेचे आकडे आणि त्याखाली, इतक्या काळात पहिल्यांदाच, शेरा.

लॉर्नाने तो मोठ्याने वाचायला तोंड उघडलं आणि जमेना म्हणून चष्मा पुसायला लागली. मग टॅमसिनने स्वतःच वाचला.

"नीलच्या खडपावर आहे. ही जागा त्याची, मला मागाहून सापडली. टॅमसिनला सांगा, वारा फिरतोय, जेवायला घरी येतो."